सहा दिवसांत अलिबाग ते गोवा? चोपड्याहून निघणाऱ्या घरासाठी सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी चोपड्याहून स्वतःच्या सीएनजी अर्टिगाने निघायचं. हातात सहा दिवस. बरोबर तुमचे मिस्टर, पाच आणि अकरा वर्षांची दोन मुलं आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि दोघंही माळकरी. अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्याने गोवा गाठून परत यायचं आहे, तर मुक्काम कुठे कुठे करावेत?

जळगावात बसून खानदेशातल्या घरांच्या सहली आखून देणं हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा आहे. दिवाळी जवळ आली की हाच प्रश्न थोड्याफार फरकाने येतो. मुक्काम कुठे, हे मी नंतर सांगतो. आधी हिशोब करू, कारण खरी अडचण मुक्कामाची नाहीच. जाण्यायेण्यात किती दिवस जातात आणि समुद्रासाठी किती उरतात, अडचण तिथे आहे.

मुंबई-पुण्याची माणसं शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी वाळूत असतात. त्यांचे व्हिडिओ पाहून आपण बेत आखतो आणि फसतो. चोपडा ते धुळे साधारण ८० किलोमीटर, धुळ्याहून नाशिक दीडशेच्या वर, नाशिकहून पनवेल पुन्हा तेवढंच. म्हणजे चारशे किलोमीटर गाडी हाकल्यावर तुम्ही कोकणाच्या नुसत्या दाराशी येता. परततानाही तेच. पाच वर्षांचं पोर आणि दुखरे गुडघे गाडीत असले की दर दोन तासांनी थांबावं लागतं, आणि थांबायलाच हवं. सहातले दोन दिवस असे सरळ गेले. उरले चार, त्यातलाही शेवटचा अर्धामुर्धा परतीच्या वाटेवर.

दुसरी गोष्ट नकाशावर दिसत नाही. कोकणचा किनारा सलग नाही, दर थोड्या अंतरावर खाडी आत शिरलेली आहे. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण गाडीने जायचं तर खाडीला वळसा घालून पार महामार्गापर्यंत आत जा आणि पुन्हा बाहेर या, नाहीतर फेरीबोटीची वाट बघा. अलिबागहून खाली रत्नागिरीपर्यंत किनारा धरून जाताना चार मोठ्या खाड्यांवर गाडी बोटीत चढवावी लागते: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. पुलांची कामं निघाली आहेत, पण तुम्ही बेत बोटीवरच आखा. दिवाळीत या धक्क्यांवर गाड्यांची रांग लागते आणि पुढच्या बोटीत जागा मिळेल का, हे तिथे पोहोचल्यावरच कळतं. त्यात किनाऱ्याचा रस्ता अरुंद आणि वळणांचा. ४० किलोमीटरला दीड-दोन तास धरले तर अंदाज चुकणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सहा दिवसांत अलिबाग ते गोवा होतं, पण मग सासूबाईंना समुद्र गाडीच्या काचेतूनच दिसेल. तुम्ही एकच गाव धरा आणि तिथे सलग तीन रात्री राहा. दुसरा मुक्काम फक्त सातवा दिवस मिळाला तरच. रोज बॅगा भरायच्या, रोज नवी खोली आणि रोज नव्या संडासाची चौकशी, याने म्हातारी माणसं आणि लहान मुलं जितकी दमतात तितकी चालण्याने दमत नाहीत.

तुमच्यासारख्या घराला मी रायगड जिल्ह्यातलं दिवेआगर सुचवीन. कारणं सांगतो. किनारा लांब, सपाट आणि उताराला मंद आहे. सुरूच्या बनातून थेट वाळूवर येता येतं, पायऱ्या चढायच्या-उतरायच्या नाहीत. गाव नारळ-सुपारीच्या वाड्यांत वसलेलं आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने या वाड्यांची फार नासाडी केली, तरी वाड्यांमधून फिरायला आजही छान वाटतं. घरगुती राहण्याची सोय भरपूर आहे आणि त्यात शुद्ध शाकाहारी घरंही पुष्कळ. सासऱ्यांना आवडेल असं सुवर्णगणेशाचं मंदिर गावातच आहे. १९९७ साली इथल्या एका वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये दरोडा पडून तो चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. ही गोष्ट गाडीतच सांगून ठेवा, मुलं देवळात शहाण्यासारखी उभी राहतील.

आता दिवस कसा घालवायचा, हे हॉटेलवाला ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. आपण तापीकाठची माणसं. नदीला पूर आला तर येतो, एरवी पाणी जागेवर असतं. समुद्र मात्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो, आणि त्याची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. ती वेळ काढायला इंटरनेटचीही गरज नाही, घरातलं पंचांग पुरतं. कोकणातली जुनी रीत अशी की पक्षातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचं. अष्टमीचं पाहा: आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी अकरा-बाराला आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ. या दोन तिथ्यांच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

तुमच्या तारखांना हे लावून बघू. भाऊबीज द्वितीया. तृतीयेला निघालात, चतुर्थीला दिवेआगर. चतुर्थीला भरती दुपारी तीनला पूर्ण, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. पंचमीला पावणेचार आणि पावणेदहा. षष्ठीला साडेचार आणि साडेदहा. (मधली एखादी तिथी क्षय असेल तर सगळं एका दिवसाने सरकेल, पंचांग बघून घ्या.) पाण्यात उतरायची बरी वेळ म्हणजे ओहोटी संपून भरती लागल्यानंतरचे पहिले दीड-दोन तास. तेव्हा लाट तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलते. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू काढून आत ओढतं आणि बुडण्याचे प्रकार बहुतेक तेव्हाच होतात. म्हणजे पंचमीला सकाळी दहा ते बारा मुलांना खेळू द्या, तेही मोठ्या माणसाचा हात धरून आणि गुडघाभर पाण्यातच. संध्याकाळी सूर्य बघायला जाल तेव्हा ओहोटी लागलेली असेल, त्या वेळी पाय भिजवायचे आणि बाहेर यायचं. आपल्याकडे बहुतेक घरं उलट करतात. सकाळी नाश्ता-आंघोळीत रेंगाळतात आणि संध्याकाळी सहाला सगळी फौज पाण्यात.

हे तुमच्या तारखांचं झालं. पौर्णिमेला गेलात तर वेळापत्रक पूर्ण बदलेल. म्हणूनच कोणी छापील 'पहिला दिवस, दुसरा दिवस' पाठवला तर तो तसाच्या तसा वापरू नका.

पहिला दिवस नुसता प्रवासाचा धरा. पहाटे चोपडा सोडा, धुळे-नाशिक करत संध्याकाळी पनवेल, रात्री तिथेच मुक्काम. इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने आमणेपर्यंत उतरलात तर कसारा घाट टळतो, मुलांच्या पोटाला बरं. त्याच दिवशी दिवेआगर गाठायचा मोह होईल, पण तो आवरा. अंधारात, अनोळखी घाटरस्त्यावर, दिवसभर गाडी चालवलेला माणूस चाकावर असणं मला पटत नाही. दुसऱ्या दिवशी पनवेल पहाटे सहाच्या आत सोडा. सुट्टीच्या दिवसांत इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठेत वाहतूक अशी तुंबते की दहा वाजता पोहोचणारा माणूस तासभर जागेवर बसतो. माणगावपर्यंत लवकर आलात तर जेवायच्या वेळेला दिवेआगर.

सासू-सासऱ्यांना एवढा वेळ बसवत नसेल तर एक वेगळी सोय आहे. त्यांना आणि तुम्हाला जळगावहून रात्रीच्या रेल्वेने कल्याणला येऊ द्या, मिस्टर गाडी घेऊन आदल्या दिवशी निघतील आणि तिथे घेतील. रात्रभर आडवं पडून आलेली माणसं वेगळीच दिसतात. शिवाय सीएनजी अर्टिगाची डिकी सिलिंडरने भरलेली, सहा माणसं आणि थंडी नसली तरी चादरी-गोधड्या नेणारी आपली सवय. सामान कुठे ठेवणार, हा प्रश्न अर्ध्यावर सुटेल. वरचं कॅरिअर लावून घ्या. आणि सीएनजीच्या भरवशावर किनाऱ्याकडे वळू नका, महामार्ग सोडायच्या आधी पेट्रोलची टाकीही भरा.

दिवेआगरचा पहिला अर्धा दिवस काहीच ठेवू नका. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पंचमीला, सकाळी पाणी, दुपारी झोप, चारनंतर शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धन. हा रस्ता समुद्राला अगदी लगटून जातो आणि माझ्या मते या भागातलं सगळ्यात देखणं दृश्य किनाऱ्यावर नसून या रस्त्यावर आहे. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा. श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव आणि तिथली रोठा सुपारी नावाजलेली. सासरे सुपारी कातरत असतील तर त्यांची खरेदी तिथेच होईल.

दिवेआगरचा तिसरा, म्हणजे सहलीचा चौथा दिवस हरिहरेश्वरचा. हरिहरेश्वर आणि काळभैरव, दोन्ही देवळं जवळजवळ आहेत, तिथपर्यंत सासूबाई सहज जातील. पण देवळामागून डोंगराला जी प्रदक्षिणा आहे ती पायऱ्यांनी थेट समुद्रातल्या खडकांवर उतरते. ती फक्त ओहोटीत करायची आणि गावातले लोक 'आता नको' म्हणाले तर नाही करायची. तिथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना झालेल्या आहेत. षष्ठीला ओहोटी साडेदहाला, म्हणून साडेनऊपर्यंत तिथे पोहोचा. मिस्टर आणि मोठा मुलगा जाऊन येतील, बाकीच्यांनी देवळाच्या सावलीत बसायचं. धाकट्याला खडकांवर नेऊ नका, कितीही रडला तरी.

तिथून बागमांडला जवळ आहे. गाडी बोटीत चढवून सावित्रीची खाडी ओलांडा, वेसवीला उतरा, बाणकोटचा किल्ला बघा आणि परत या. मुलांच्या दृष्टीने सहलीतला सगळ्यात मोठा प्रसंग हाच असणार: आपली गाडी, आत आपण आणि सगळं मिळून पाण्यावर. फक्त परतीची शेवटची बोट किती वाजता, हे जाताना धक्क्यावर विचारून ठेवा. पलीकडे वेळास आहे, तिथल्या कासवांबद्दल ऐकलं असेल. पण पिल्लं समुद्रात सोडण्याचा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, दिवाळीत तिथे कासव दिसणार नाही. मुलांना आधीच आश्वासन देऊन बसू नका.

जंजिरा किल्ल्याचं सगळे विचारतात. दिघीहून होड्या जातात, किल्ला बघण्यासारखा आहेच. पण होडी हलत असताना दरवाजाच्या पायरीवर पाय टाकावा लागतो आणि आत चढण आहे. गुडघ्यांनी त्रस्त माणसाला तो आनंद नाही. मिस्टर आणि मोठा मुलगा त्याच चौथ्या दिवशी हरिहरेश्वरऐवजी तिकडे गेले तर चालेल. दोन्ही एकाच दिवशी मात्र बसवू नका.

पाचव्या दिवशी न्याहारी करून निघा, माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याला मुक्काम, सहाव्या दिवशी घर. पुण्याहून चोपडा पुन्हा चारशेच्या आसपास आहे, त्यामुळे पुण्यात सारसबाग वगैरे काही ठेवू नका.

सातवा दिवस मिळालाच तर दिवेआगरच्या दोन रात्री ठेवा, तीच बागमांडल्याची बोट धरा आणि पलीकडे आंजर्ल्याला दोन रात्री राहा. वाटेत केळशीची महालक्ष्मी. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा आहे. एरंडोलजवळ पद्मालयाला तुम्ही उजव्या-डाव्या सोंडेचे दोन्ही गणपती पाहिलेच असतील, सासऱ्यांना तुलना करायला विषय मिळेल. गाडी वर देवळापर्यंत जाते. हर्णैचा मासळीचा लिलाव प्रसिद्ध आहे, पण माळकरी माणसांना तो वास सोसणार नाही, त्यांना न्यायची गरज नाही. दापोलीजवळ उन्हवऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. पण अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्यावर लहानपणापासून जाणाऱ्या चोपडेकरांनी त्यासाठी अर्धा दिवस घालवू नये. आणि बुकिंग करताना सांभाळा: मुरुड दोन आहेत. एक रायगडातलं जंजिऱ्याजवळचं, दुसरं दापोलीकडचं हर्णैजवळचं, महर्षी कर्व्यांचं गाव. मध्ये खाड्या आहेत. चुकीच्या मुरुडात पैसे भरून बसलेली घरं मी पाहिली आहेत.

जेवणाबद्दल. 'शाकाहारी मिळेल' एवढ्यावर समाधान मानू नका. फोनवर सरळ विचारा की स्वयंपाकघरात मासळी शिजते का, तवा-भांडी वेगळी आहेत का. माळकऱ्यांसाठी जिथे मासळी शिजतच नाही असंच घर घ्या. चवीचं म्हणाल तर तिकडे आमटीत गूळ आणि जवळपास सगळ्यात नारळ. आपल्या काळ्या मसाल्याच्या जिभेला दुसऱ्या दिवशी ते फिकं वाटायला लागतं, आणि तिसऱ्या दिवशी शेवभाजी कुठे मिळेल म्हणून विचारणा सुरू होते. शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि ठेचा बरोबर न्या, फराळ तर असेलच. पण उकडीचे मोदक मात्र खा, आणि ते आदल्या रात्री सांगावे लागतात.

खोली ठरवताना माझे चार प्रश्न ठरलेले असतात. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? वीज गेली तर पंखा चालतो का? आणि वाळूपर्यंत चालत किती मिनिटं? चौथ्याचं उत्तर 'अगदी जवळ' असं आलं तर मालकाला खोलीपासून वाळूपर्यंत चालत मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. चांगला माणूस पाठवतो.

दिवेआगरला पाण्यातले खेळ असतात, बनाना बोट वगैरे. धाकट्याच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, ते आधी अंगावर चढवून बघा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगात सैल राहतं, पाण्यात पडल्यावर ते डोक्याकडे सरकतं आणि मूल खाली राहतं. माप नसेल तर खेळ नाही. गाडीही वाळूवर घालू नका. ओहोटीत रुतलेली गाडी भरती यायच्या आत निघाली नाही तर ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

एवढं सगळं तुमच्या घराच्या हिशोबाने सांगितलं. हेच दुसऱ्या कोणाला लागू होईल असं नाही. घर मासे खाणारं, गुडघे धडधाकट आणि रेल्वेने जायची तयारी असेल तर मी मालवण सांगतो, कुडाळला उतरून. आईवडिलांना देवदर्शनच महत्त्वाचं असेल तर रत्नागिरीला उतरून गणपतीपुळे आणि पावस, मात्र पुळ्याचा समुद्र धोक्याचा आहे, तिथे दर्शन घ्यायचं आणि पाण्यात उतरायचं नाही. नंदुरबार-शहाद्याकडच्या लोकांनी नुसता समुद्रच बघायचा असेल तर एवढं खालीही जाऊ नये. सुरतच्या बाजूने रेल्वेने डहाणू-बोर्डी त्यांना फार सोयीचं, चिकूच्या वाड्याही आहेत.

राहिला गोवा. तो या सहलीत बसत नाही, वेगळा ठेवा आणि गाडीने जाऊच नका. भुसावळ-जळगावहून मडगावला रोजच्या थेट दोन रेल्वे आहेत. गोवा एक्सप्रेस पुणे-मिरजेवरून जाते. मंगला एक्सप्रेस कल्याण-पनवेल करून कोकण रेल्वेने जाते, तेव्हा मुलांना बोगदे, पूल आणि खाड्या बघायच्या असतील तर मंगला घ्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीतली तिकिटं हवी असतील तर त्याच सकाळी बसा, आणि सासूबाईंना खालचा बर्थ मिळतोय का ते बघूनच पैसे भरा.